मोडका हिमकणही टिपा

सूक्ष्मदर्शकाला उर्दूत खुर्दबीन म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहेच. खुर्द म्हणजे लहान आणि बीन म्हणजे पाहणारी. तिची थोरली बहीण दूरबीन. गंमत अशी, की या दोन बहिणींपैकी मराठीने एकीलाच घरात घेतले. दूरबीन आमच्याकडे आली आणि दुर्बीण झाली. खुर्दबीन मात्र दारातच राहिली आणि तिच्या जागी सूक्ष्मदर्शक हा जड शब्द आला. मला तर खुर्दबीन हाच शब्द अधिक आवडतो. पण आज मला शब्दांबद्दल बोलायचे नाही. या खुर्दबिनीच्या डोळ्याला कॅमेरा लावून जी छायाचित्रे काढतात, त्यांच्याबद्दल बोलायचे आहे.

अशी छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. माशीचा डोळा, फुलपाखराच्या पंखांवरचे खवले, मिठाचा दाणा, फुलांतील पराग! ती पाहून आपण ‘वा!’ म्हणतो आणि पान उलटतो. माझे म्हणणे असे आहे, की नुसते ‘वा!’ म्हणणे पुरेसे नाही. कधी कधी तर या ‘वा!’मुळेच खरी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते.

सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडावा असे लोकांना का वाटले, ते आधी पाहू. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘मायक्रोग्राफिया’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात पिसवेचे एवढे मोठे चित्र होते, की ते घडी घालून पुस्तकात बसवावे लागले. हूकचा हात चांगला होता, म्हणून चित्रेही उत्तम झाली. पण सूक्ष्मदर्शकातून एका वेळी एकच माणूस पाहू शकतो. त्याने जे पाहिले ते इतरांनी कसे पाहायचे? त्याच्या हातावर आणि शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढेच. ज्याचा हात कच्चा, त्याचे पाहणेही कच्चे ठरायचे. शिवाय माणूस आपल्याला जे अपेक्षित असते तेच पुष्कळदा पाहतो आणि तेच कागदावर उतरवतो.

छायाचित्रणाचा शोध लागताच ही अडचण दूर होईल असे अनेकांना वाटले. आल्फ्रेड दोने आणि लेआँ फूको या दोन फ्रेंच संशोधकांनी १८४५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांवरून एक चित्रसंग्रह छापला. त्या काळी चांदीच्या पत्र्यावर उमटलेले छायाचित्र जसेच्या तसे पुस्तकात छापता येत नसे. म्हणून कारागिरांनी ते पाहून ठसे कोरले. म्हणजे माणसाचा हात पुन्हा मध्ये आलाच! पुढे १८७७ साली जर्मनीचे डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी जिवाणूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. हेच कॉख पुढे क्षयाच्या जंतूचा शोध लावून जगप्रसिद्ध झाले. चित्रात काढणाऱ्याचे मत मिसळते. छायाचित्र मात्र दहा जणांपुढे ठेवून तपासता येते, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटते. पण त्यातून लोकांनी पुढचे अनुमान काढले, की कॅमेरा खोटे बोलतच नाही. ते कितपत खरे आहे, हे आपण एका शेतकऱ्याच्या कामावरून पाहू.

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचे राज्य आहे. तेथील जेरिको या गावी १८६५ साली विल्सन बेंटली याचा जन्म झाला. तेथे हिवाळ्यात भरपूर हिम पडते. आपल्याकडे फार तर गारा पडतात, आणि गार म्हणजे हिमकण नव्हे. गार हा बर्फाचा गोळा असतो. हिमकण हा पातळ, नाजूक स्फटिक असतो. बहुतेक वेळा त्याला सहा बाजू किंवा सहा फाटे असतात. विल्सनची आई पूर्वी शिक्षिका होती. तिनेच त्याला घरी शिकवले आणि पंधराव्या वर्षी एक जुना सूक्ष्मदर्शक दिला. त्यातून हिमकण पाहून मुलगा वेडा झाला. आधी तो त्यांची चित्रे काढी. पण चित्र पुरे होण्याआधीच कण विरघळून जाई. मग त्याने वडिलांच्या मागे लागून कॅमेरा मिळवला. वडिलांना हा सारा पोरखेळ वाटत होता, तरी त्यांनी पैसे दिले. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला हिमकणाचे पहिले छायाचित्र मिळाले.

त्याची पद्धत साधी होती. पण ती करायला धीर हवा. तो हिम पडत असताना काळी फळी घेऊन उभा राही. फळीवर पडलेल्या कणांतून एखादा निवडी. मग बिनशेकोटीच्या थंड खोलीत जाऊन तो कण काडीने अलगद काचपट्टीवर ठेवी आणि पिसाने हळूच दाबून सपाट करी. हातांत जाड मोजे असत आणि श्वास रोखलेला असे, कारण तोंडाची वाफ लागली तर कण संपलाच. सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून आडवे ठेवलेले असत. कॅमेरा इतका लांब होता, की मागे उभे राहून सूक्ष्मदर्शकाच्या चकतीपर्यंत हात पोचत नसे. म्हणून त्याने एक चाक आणि दोरी बसवून घेतली होती. असे काम त्याने सत्तेचाळीस हिवाळे केले आणि पाच हजारांहून अधिक छायाचित्रे जमवली. ती तो शाळांना आणि संशोधकांना अगदी थोड्या पैशांत देई. ‘स्नो क्रिस्टल्स’ हे त्याचे मोठे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. त्यात दोन हजार चारशेहून अधिक चित्रे होती. त्याच वर्षी २३ डिसेंबरला न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. एकसारखे दोन हिमकण कधीच आढळत नाहीत, ही गोष्ट जगभर पोचली ती मुख्यतः याच माणसामुळे.

आता वादाचा भाग. हिमकण पारदर्शक आणि त्यामागचा उजेड पांढरा. त्यामुळे छायाचित्रात कण नीट उठून दिसत नसे. बेंटलीने त्यावर एक उपाय केला. तो काचेच्या निगेटिव्हची दुसरी प्रत तयार करी आणि त्या प्रतीवर कणाच्या कडेबाहेरचा भाग चाकूने खरवडून काढी. मग छापलेल्या चित्रात पांढराशुभ्र कण काळ्याभोर पार्श्वभूमीवर दिसे. एका चित्राला कधी कधी कित्येक तास लागत. इकडे जर्मनीत हेलमन नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांच्या १८९३ च्या पुस्तकासाठी नॉयहाउस नावाच्या डॉक्टरांनी हिमकणांची छायाचित्रे काढली होती. त्यांतील कण पुष्कळदा वेडेवाकडे होते. कुणाचा एक फाटा आखूड, कुणाचा मोडलेला. पुढे बेंटलीची चित्रे गाजू लागल्यावर हेलमन यांनी आक्षेप घेतला, की या माणसाने चाकूने कणांच्या कडाच बदलल्या आहेत. बेंटलीचे उत्तर असे होते, की खरवडल्याने चित्र निसर्गाच्या अधिक जवळ जात असेल तर त्यात वावगे काय?

चाकूच्या बाबतीत मी बेंटलीच्या बाजूचा आहे. त्याने मूळ निगेटिव्हला हात लावला नाही आणि आपण काय करतो ते लपवूनही ठेवले नाही. खरी अडचण चाकूची नव्हतीच. ती त्या काळ्या फळीवर होती. फळीवर शेकडो कण पडत. त्यांतले बहुतेक मोडके, चिकटलेले, एकांगी असत. बेंटली त्यांतून देखणा कण उचली आणि बाकीचे पिसाने झटकून टाकी. सुंदर, रेखीव हिमकण ही निसर्गातली दुर्मीळ गोष्ट आहे. पण त्याचे पुस्तक चाळणाऱ्याला वाटते, की आकाशातून अशीच नक्षी पडत असते. एकही छायाचित्र खोटे नाही, आणि तरीही सगळी मिळून जे सांगतात ते खरे नाही! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

उर्दूतली तुमची तसवीर मराठीत तसबीर झाली आहे, पण तिचा अर्थ थोडा आखडला आहे. आमची तसबीर म्हणजे चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले चित्र. बेंटलीने हिमकणांच्या तसबिरी केल्या, असे मी म्हणेन. तसबिरीत कोणी घरातला पसारा दाखवत नाही.

आता याच विषयावर काम करणारा दुसरा माणूस पाहा. जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आहे. तेथील विद्यापीठात १९३० साली उकिचिरो नाकाया नावाचे तरुण भौतिकशास्त्रज्ञ रुजू झाले. त्यांच्या मूळ विषयासाठी लागणारी महागडी साधने तेथे नव्हती. पण हिम मात्र हवे तेवढे होते, आणि तेही फुकट. बेंटलीचे पुस्तक पाहून त्यांना हिमाची ओढ लागली. तेव्हा सुंदर चित्रांचा काहीच उपयोग नाही, असे मी कसे म्हणू? एका सुंदर पुस्तकाने एक शास्त्रज्ञ या कामाला लावला.

पण नाकाया यांनी कामाची रीत बदलली. डोंगरातल्या झोपडीत राहून त्यांनी सुमारे तीन हजार छायाचित्रे घेतली. त्यांत चांदण्या होत्या, तशाच सुया, खांब, टोपी घातलेल्या कांड्या आणि ज्यांना नावही देता येऊ नये असे बेढब कणही होते. कुरूप म्हणून त्यांनी कुणाला वगळले नाही. मग त्या सर्वांचे प्रकार पाडले. प्रकार पाडल्यावर प्रश्न उभा राहिला, की कधी सुई आणि कधी चांदणी, असे का होते? उत्तर शोधण्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेतच हिमकण वाढवायचे ठरवले. पण कण अधांतरी कसा धरायचा? त्यांनी निरनिराळे धागे टांगून पाहिले. धाग्यावर सुरवंटासारखे केसाळ दहिवर जमे. सुटा कण काही मिळेना. शेवटी सशाचा केस कामी आला. त्या केसावर बारीक गाठी असतात आणि त्या गाठीवर एकेकटा कण धरतो. १२ मार्च १९३६ रोजी माणसाने घडवलेला पहिला हिमकण त्या केसावर तयार झाला.

पुढे नाकाया यांनी दाखवून दिले, की हिमकणाचा आकार हवेच्या तपमानावर आणि तिच्यातील बाष्पावर ठरतो. शून्याखाली पाच अंशांच्या आसपास सुया आणि कांड्या होतात. शून्याखाली पंधरा अंशांच्या आसपास, बाष्प भरपूर असेल तर, फाटेदार चांदण्या होतात. म्हणजे जमिनीवर पडलेल्या कणाकडे पाहून वरच्या हवेत काय चालले होते ते सांगता येते. मुलांनो, हे ज्ञान नुसत्या चांदण्यांच्या संग्रहातून मिळाले नसते. सुया, कांड्या आणि बेढब कण बाजूला सारले असते, तर तुलना कशाशी करणार? बेंटलीनेही आपल्या वहीत तपमान आणि वादळाच्या नोंदी ठेवल्या होत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्याच्या पुस्तकात पानामागून पाने भरली आहेत ती चित्रांनीच. कण केवढा होता आणि कोणत्या थंडीत पडला, हे त्या चित्रांखाली वाचायला मिळत नाही.

कोणी म्हणेल, ‘हिमकणाचे काय एवढे? तो देखणा दाखवला म्हणून कुणाचे काय बिघडले?’ हिमकणाच्या बाबतीत फारसे बिघडत नाही, हे खरे. पण हीच खुर्दबीन प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते. थंडी वाजून ताप आला, की तेथे बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. तो रंगवून हजार पट मोठा करून पाहतात. हिवतापाचे जंतू आहेत का, हे शोधायचे असते. एवढे मोठे करून पाहताना एका वेळी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढाच रक्ताचा तुकडा दिसतो. म्हणून नियम असा आहे, की निदान शंभर ठिकाणी पाहिल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असे लिहायचे नाही. काचपट्टी थोडी सरकवायची, पाहायचे. पुन्हा सरकवायची, पुन्हा पाहायचे. तपासणाऱ्याने एकच स्वच्छ, सुरेख रंगलेली जागा पाहिली, तिचे सुंदर छायाचित्र काढले आणि अहवाल लिहून मोकळा झाला तर? छायाचित्र अस्सल असेल. रोगी मात्र औषधावाचून घरी जाईल. मला तर त्या तंत्रज्ञाचे ते शंभर वेळा पाहणे कोणत्याही सुंदर छायाचित्रापेक्षा मोठे वाटते. त्याचे प्रदर्शन कोणी भरवत नाही, एवढेच.

बेंटलीला चाकूने तासन्‌तास जे करावे लागे ते आज संगणकावर क्षणात होते. रंग वाढवता येतो, डाग पुसता येतो, नको तो भाग कापता येतो. कीटकाच्या डोळ्याचे जे लखलखीत छायाचित्र आपण पाहतो ते बहुधा एक छायाचित्र नसतेच. सूक्ष्मदर्शकात एका वेळी अगदी पातळ थर स्पष्ट दिसतो. म्हणून वरपासून खालपर्यंत अनेक छायाचित्रे घेऊन संगणकाने ती एकत्र केलेली असतात. यात माझी काही हरकत नाही. तसे केले आहे, हे खाली लिहावे एवढीच अपेक्षा आहे. २०२० साली कोरोना विषाणूचे चित्र आपण रोज पाहत होतो. लाल काटे असलेला तो करडा गोळा आठवतो ना? तो कॅमेऱ्याने टिपलेला नव्हता. चित्रकारांनी तो संगणकावर तयार केला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून विषाणूची जी खरी छायाचित्रे मिळतात ती काळी-पांढरी असतात आणि त्यांत रंग मागाहून भरतात. किती जणांना कोणी हे सांगितले?

शास्त्रज्ञांच्या घरातही सारे आलबेल नाही. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस हजार सहाशे एकवीस शोधनिबंधांतील चित्रे तपासली. त्यांतील ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र पुन्हा वापरल्याचे किंवा त्यात फेरफार केल्याचे दिसून आले. काही ठिकाणी ती चूक असेल. पण निदान निम्म्या ठिकाणी ते जाणूनबुजून केले असावे, असे त्यांचे मत झाले. त्यांत सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रेही होती. काही नियतकालिके आता निबंध छापण्यापूर्वी त्यातली चित्रे तपासून घेतात. कॉख यांना ज्या छायाचित्राचा एवढा भरवसा वाटत होता, त्याच्यावर आज पहारा बसवावा लागतो!

हा पहारा मोठेपणी बसवण्यापेक्षा शाळेतच सवय लागावी, असे मला वाटते. आपल्या शाळांत कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग होतो. पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि पेशी पाहायच्या. मग प्रयोगवहीत आकृती काढायची. बहुतेक प्रयोगवह्या उघडून पाहा. सर्वांच्या पेशी सारख्या! भिंतीच्या विटांसारख्या सरळ रांगेत, प्रत्येकीत एक ठिपका. कारण ती आकृती सूक्ष्मदर्शकातून आलेली नसते. ती पाठ्यपुस्तकातून आलेली असते. नक्कल करणाऱ्याला दहापैकी नऊ गुण मिळतात. ज्याने खरोखर पाहिले आणि जसे दिसले तसे दुमडलेल्या पापुद्र्याचे वेडेवाकडे चित्र काढले, त्याला ‘आकृती अस्वच्छ’ असा शेरा मिळतो. यात मुलांचा दोष मला दिसत नाही. आपण गुणच सुबकपणाला देतो.

म्हणून माझी सूचना आहे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवावा. त्यासाठी मोठा खर्च नको. वर्गात मोबाईल आणू नये असा नियम असेल तर तो मुलांसाठी राहू द्या. शिक्षकांचा एक मोबाईल पुरे. पुठ्ठ्याची नळी करून तो नेत्रिकेवर घट्ट बसवता येतो. हाताने धरला तर चित्र हलते, म्हणून नळी हवी. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शकच नाही, तिथे फोल्डस्कोप चालेल. मेरठमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे मनू प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये जगापुढे आणलेला हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक आहे. त्यातून वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते आणि त्याला मोबाईलही चिकटवता येतो.

मात्र प्रत्येक गटाने एकाच काचपट्टीची निदान पाच छायाचित्रे घ्यावीत. काचपट्टी सरकवून पाच निरनिराळ्या जागा टिपाव्यात आणि पाचही वहीत चिकटवाव्यात. एकही वगळू नये. सहावे छायाचित्र पारदर्शक मोजपट्टीचे. भिंग तेच ठेवून मोजपट्टीचा एक मिलिमीटर टिपला, की पेशी केवढी आहे हे त्याच्याशी ताडून पाहता येते. मग खाली लिहावे, की कांदा कोणता, तारीख काय, भिंग कोणते, चित्रात नंतर काही बदल केला का. एवढे झाल्यावर हाताने आकृतीही काढावी. कॅमेरा आला म्हणून हाताला सुट्टी देऊ नये, कारण काढताना जे दिसते ते नुसते पाहताना दिसत नाही.

अशी वही दिसायला सुंदर नसेल, हे मी आधीच सांगून ठेवतो. पहिल्या चित्रात पेशी पुसट येतील. दुसऱ्यात आयोडीन जास्त झाल्याने सगळे तपकिरी दिसेल. एखाद्या चित्रात जाड काळ्या कडेचे मोठे वर्तुळ असेल आणि चार जण ‘हीच मोठी पेशी’ म्हणून पैज लावतील. तो वरच्या काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा असतो. तेही छायाचित्र वहीत राहू द्यावे, त्याखाली ‘हवेचा बुडबुडा’ असे लिहावे, आणि ज्या मुलीने तो ओळखला तिला शिक्षकांनी त्याचेही गुण द्यावेत.